बाप्तिस्म्याचा झगा आणि कालची वाफ

डाग पडला तेव्हा थोरले तिथे नव्हतेच, असं त्यांचं पुढे बरेच दिवस म्हणणं होतं. हात होता, इस्त्री होती, इस्त्रीखाली झगा होता. ते स्वतः मात्र फाटकाशी गेले होते, आणि तेही जागचे न हलता.

फाटकाशी त्यांची धाकटी लेक हसली होती. लग्न करून गेल्यापासून तिचं हसणं या घरात ऐकू आलं नव्हतं. शनिवारची दुपार, लाँड्रीतली यंत्रं थांबलेली, इस्त्रीखोलीला आतून कडी. तेवढ्यात गाडीचं दार आपटलं आणि त्यामागून ते हसणं आलं. जरा नाकातून, शेवटाला उचकी लागल्यासारखं, थेट थोरल्यांच्या आईचं. थोरल्यांचा हात थांबला. गरम इस्त्रीवर तो जन्मात कधी थांबला नव्हता. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हासुद्धा त्यांनी हातातली कॉलर पुरी केली आणि मग डोळे पुसले. ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जाई.

मग वास आला.

त्या वासाची थोरल्यांना कुणी ओळख करून द्यायला नको होती. गिऱ्हाइकाने पिशवीतून शर्ट बाहेर काढायच्या आधीच ते काउंटरमागून सांगत, "सुती आहे, आणि तुम्ही फोनवर बोलत होता." त्यांनी इस्त्री उचलून उभी ठेवली. झग्याच्या छातीवर अगदी मधोमध एक तपकिरी होडी उमटली होती. टोक वर, गळ्याकडे. कडा इतक्या रेखीव, की हे दुसऱ्या कुणाचं काम असतं तर थोरल्यांनी दाद दिली असती.

सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कधी पडला?"

गिऱ्हाइकाला विचारायचा हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न "तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं?" तो त्यांनी विचारला नाही.

या घराला गर्व नव्हता. गर्व वाईट असतो हे त्यांना ठाऊक होतं. थोरले चर्चच्या वडीलमंडळात होते आणि नम्रता या विषयावर त्यांच्याइतकं अधिकाराने बोलणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. या घराला गर्व नव्हता, नुसती खात्री होती. दुकानाच्या पाटीवर मालकाचं नावही नव्हतं. 'इथून डाग परत जात नाही' एवढंच लिहिलेलं, पांढऱ्यावर निळं. आजोबांनी लिहून घेतलं, वडिलांनी उजळून घेतलं, आणि थोरल्यांनी पाटीवर पावसाचे ओघळ येऊ नयेत म्हणून वर पत्रा बसवला.

आणि या खात्रीचं मूळ म्हणजे तो झगा. पणजी हॉस्पिटलच्या चादरी धुवायची. तिची धुलाई इतकी पांढरी, की तिथल्या मेट्रनबाईंनी खूश होऊन तिला एक कोरी चादर बक्षीस दिली. पणजीने त्या चादरीचा झगा शिवला, गळ्याला जाळी लावली, आणि त्यात आजोबांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हापासून घरातलं प्रत्येक मूल त्याच झग्यात चर्चमधल्या पाण्याच्या कुंडापाशी गेलं. आदल्या संध्याकाळी सगळे मोठ्या टेबलाभोवती जमायचे, घरातला मोठा माणूस झगा उजेडात धरून म्हणायचा, "पांढरा?" आणि सगळे म्हणायचे, "पांढरा." याला घरात 'दाखवणं' म्हणत. चर्चच्या पाळकांनी एकदा गमतीने विचारलं होतं, की मूल नापसंत झालं तरी चालेल पण झगा व्हायला नको, असं काही आहे का तुमच्यात? थोरल्यांनी त्यावर खरोखर विचार केला होता.

थोरल्यांचा धर्म एका ओळीत मावायचा: धुलाई देवाची, इस्त्री आपली. पापातून काढलं ते प्रभूने, फुकट, आपली लायकी नसताना. तिथवर कृपा. पण एकदा स्वच्छ करून हातात दिल्यावर रोज ताठ राहणं, सुरकुती पडू न देणं, हे माणसाचं काम. तिथेही देवाला हाक मारणं म्हणजे शिष्टाचार सोडून वागणं. पाळक म्हणाले होते, "थोरले, तुमच्या मते देव अर्धंच काम करून माल परत देतो." थोरले म्हणाले होते, "बाकीचं आम्ही चोख करतो ना."

अशा घरातल्या धाकट्या मुलीने रंगाऱ्याशी लग्न केलं.

रंगारी म्हणजे घरांना रंग देणारा. माणूस सरळ, चर्चला जाणारा, निर्व्यसनी. पण थोरल्यांनी पहिल्याच भेटीत त्याच्या बाहीवरचा हिरवा ठिपका पाहिला, आणि तो गेल्यावर म्हणाले, "आपण डाग काढतो. तो झाकतो." लग्नाला ते गेले, शेवटच्या बाकावर बसले, आणि आशीर्वाद द्यायची वेळ आली तेव्हा छत्री शोधत होते. ऊन पडलेलं होतं. धाकटीने ते पाहिलं, आणि त्यानंतर ती या घरी आली नाही.

मग तिला मुलगी झाली. आणि परवा थोरल्यांनी आपण होऊन फोन केला. "झगा तयार ठेवतो," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. ही थोरल्यांची माफी होती. धाकटीला ती बरोबर कळली होती, म्हणून तर ती फाटकाशी हसली होती.

दारावर टकटक झाली.

"पप्पा."

"काम चाललंय," थोरले म्हणाले.

"मी आलेय."

"ऐकलं."

ऐकलं होतंच. पुरावा समोर पडला होता.

"बाळाला पाहायचंय ना?"

थोरल्यांनी झगा पाठीमागे लपवला. दार बंद होतं, तरी लपवला. "नंतर."

दाराच्या पलीकडून एक बारीक आवाज आला, तान्ह्या मुलाचा, स्वप्नात कुरकुरल्यासारखा. थोरल्यांनी कडीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"मी हिला सांगत आले होते," धाकटी म्हणाली, "आजोबा दारातच उभे असतील." आणि तिची पावलं बैठकीकडे गेली.

इस्त्रीखोलीला मागे आणखी एक दार होतं, बॉयलरकडचं. त्याला कडी नव्हती, कारण ती आत्याने मागेच काढून टाकली होती. आत्या म्हणजे थोरल्यांची धाकटी बहीण. घरात तिला सगळे आत्याच म्हणत, तिचे भाचे नसलेलेसुद्धा. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि तिने बॉयलर ताब्यात घेतला. रोज सकाळी तो पेटवण्याआधी ती दोन्ही हात त्याच्या थंड पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "आजचं दे, देवा." बस, एवढीच प्रार्थना. थोरल्यांना ती फार तोकडी वाटे, जरा भिकाऱ्यासारखीसुद्धा. त्यांची स्वतःची प्रार्थना लांब असे. तिच्यात मागणं कमी आणि केलेल्या कामाचा तपशील जास्त.

आत्या आली, नाक वर केलं, टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"करपलं."

"दिसतंय मला."

"काल मी धुतला होता हा."

"माहीत आहे."

"इस्त्रीही केली होती."

"माहीत आहे."

"मग?"

थोरल्यांनी झग्याच्या बाहीची एक अदृश्य सुरकुती काढली. "स्वच्छ होता. पांढरा नव्हता."

आत्या स्टुलावर बसली. "दादा, त्याच्यापेक्षा पांढरं काय असतं ते मला एकदा दाखवून ठेव. मरायच्या आधी पाहीन म्हणते."

"उद्या रंगाऱ्याची माणसं येणार आहेत."

"ती काय भिंग घेऊन येणार आहेत?"

"ऊन दाखवू. लिंबू लावू."

"गिऱ्हाइकांना कोण सांगतं? डाग म्हणजे बाहेरून आलेलं, ते बाहेर काढता येतं. हे कापडच जळलंय. त्यातून काय काढणार तू, कापड?"

थोरल्यांनी आवाज खाली आणला. "मोठ्याला नि सूनबाईला सांगू, कसर लागली."

"होडीच्या आकाराची?"

"मग तू सांग, तुझ्या हातून झालं म्हणून."

हे बोलून झाल्यावर थोरल्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. आत्याने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. लहानपणी फोडलेल्या काचेपासून ती अशीच पाहायची.

"सांगते की," ती म्हणाली. "माझं काय जातंय? मला कुठे वडीलमंडळात बसायचंय. पण मग तिला दाराबाहेर ताटकळत ठेवून तू आत काय करत होतास, ते तुला सांगावं लागेल. त्याचं काय सांगशील?"

थोरल्यांनी झग्याची घडी घालायला घेतली. होडी आत जाईल अशी. घडी कशीही घातली तरी एक टोक बाहेर राहत होतं.

"पणजीच्या बक्षिसावर," ते शेवटी म्हणाले. "माझ्या हातून."

"कसलं बक्षीस?"

"चादर."

"दादा, तू एवढा शहाणा माणूस. हॉस्पिटल कोरी चादर कुणाला बक्षीस देतं का? त्यांना पेशंटला पुरत नाहीत."

थोरल्यांचा हात घडीवर थांबला. आज हात थांबायचाच दिवस होता.

"पणजीने करपवली होती ती," आत्या म्हणाली. "नवी कोरी चादर, मधोमध. आईने मला सांगितलं, तिला आजीने. तुम्हा पुरुषांना कुणी सांगितलं नाही, कारण तुम्ही तोवर पाटी लिहून घेतली होती. पणजी चादर घेऊन मेट्रनबाईंसमोर गेली. काम गेलं असंच धरून चालली होती. बाईंनी चादर पाहिली आणि म्हणाल्या, ही आता तूच ठेव. आणि उद्या वेळेवर ये."

"उद्या?"

"हो, उद्या. त्यातच सगळं आलं. पणजी घरी येऊन रडली ती चादरीपायी नाही, 'उद्या वेळेवर ये' याच्यापायी. मग जळलेलं कापून टाकलं आणि उरलेल्यात झगा बसवला."

बॉयलर निवत असताना मधूनच एक टक्क असा आवाज करी. थोरल्यांनी झगा उलगडला, शिवणी पाहिल्या. पाठीवर मधोमध एक जोड होता. तिथे का जोड द्यावा लागला, असा प्रश्न त्यांना आयुष्यभर पडत आला होता. पणजीला मापाचं कळत नसावं, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

"इतकी वर्षं एक डाग नाही पडला माझ्या हातून," ते म्हणाले.

"त्या वर्षांवरच चालतोयस तू, तीच तर भानगड आहे. कालच्या वाफेवर आजची इस्त्री होते का? मी कधी म्हणाले का, काल छान कडक वाफ झाली होती, आज बॉयलर राहू दे?"

"तो बॉयलर आहे."

"आणि तू कोण लागून गेलास?" आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "तुला वाटतं, कृपा बाप्तिस्म्याला एकदा मिळते, मग जन्मभर काटकसरीने वापरायची. तशी ती टिकत नाही रे. रोज नवी घ्यावी लागते, आणि रोज मिळते. सकाळी मी दुसरं काय म्हणते? तुला तर वाटतं, मी बॉयलरशी बोलते."

थोरल्यांना तसंच वाटत होतं.

इस्त्रीखोली आणि बैठक यांच्यामध्ये भिंतीला एक खिडकी होती. इस्त्रीचे कपडे पलीकडे द्यायला केलेली, तिला लाकडी झडप. झडप लागलेली असली तरी आवाज गाळून यायचे. पलीकडे मोठा मुलगा, सूनबाई, धाकटी आणि रंगारी. चहाच्या कपांचे आवाज येत होते, पण पिण्याचे येत नव्हते.

"आमच्या मुलांच्या वेळी तर खोलीत उजेड पडला होता झग्याने," सूनबाई सांगत होती. लग्न करून आलेली असली तरी झग्याचा अभिमान तिला सगळ्यांत जास्त. या घरात तो तिने स्वकष्टाने कमावला होता. "आता पप्पा दारच उघडत नाहीत म्हणजे... मी आपली बोलते हं, ताई, वाईट वाटून घेऊ नका. झगा तसा थोरल्या पातीचा, मोठ्या मुलाच्या घरचा."

"पाती कसली?" मोठा म्हणाला. एरवी तो बायकोच्या बोलण्यात मध्ये पडत नसे, कारण जागाच मिळत नसे. "मीही घातला, हिनेही घातला. हिला तर मीच उचलून नेलं होतं गाडीपर्यंत."

"मी काय नाही म्हणतेय? पप्पांच्या मनात काय आहे ते म्हणतेय."

"वहिनी, असू द्या," धाकटी म्हणाली. तिचा आवाज सपाट झाला होता. "अंधार पडायच्या आत आम्ही निघतो. उद्या परस्पर चर्चला येऊ. साधा फ्रॉक आहे गाडीत."

फ्रॉक आहे गाडीत. म्हणजे येतानाच आणला होता. थोरल्यांना हे वाक्य झडपेतून आल्यावर कुठे ठेवावं ते कळेना. त्यांच्या माफीवर मुलीने भरवसा ठेवला होता, पण एक जादा फ्रॉक घेऊन. खरं तर ती त्यांचीच मुलगी होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

मग रंगारी बोलला. तो या घरात पूर्वी फारसा बोलला नव्हता.

"घाई नको करूस. त्यांनी फोन केला ना, तो पहिला हात झाला. पहिला हात सुकू द्यावा लागतो. ओल्यावर दुसरा मारला की सगळं सोलून हातात येतं."

"तू त्यांची बाजू घेतोस?"

"बाजू नाही घेत. भिंत जुनी आहे, एवढंच म्हणतो."

सूनबाईला हसू आलं आणि तिने ते चहात बुडवलं. मोठा मात्र उघड हसला. झडपेच्या अलीकडे थोरल्यांनी दोन गोष्टी एकाच वेळी कबूल केल्या. एक, माणूस आपल्या धंद्यात पक्का होता. आणि दोन, या घरात आत्ता त्यांच्या वतीने बोलणारा तो एकटाच होता.

त्यांनी आत्याकडे पाहिलं. "मी काय सांगू तिला?"

"मला काय विचारतोस? ज्याला विचारायचं त्याला विचार. थोडक्यात."

थोरल्यांनी डोळे मिटले. नेहमीच्या सुरुवातीपाशी ते आले, जिथे देवाला आठवडाभराचा अहवाल द्यायचा असतो, आणि पाहतात तो अहवालात आज काहीच नव्हतं. एक करपलेला झगा होता. मग त्यांनी आयुष्यातली सगळ्यांत तोकडी प्रार्थना केली. ती इथे द्यायचं कारण नाही. आत्याची होती तीच होती.

त्यांनी झगा दोन्ही हातांवर घेतला आणि कडी काढली.

बैठकीत सगळे उठून उभे राहिले. थोरले आले की उठायची सवय होती. धाकटीच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं. थोरले मोठ्या टेबलापाशी गेले, खिडकीचा उजेड पाहिला, आणि रीत होती तसा झगा उंच धरला. होडी पुढे. ती मागच्या बाजूला वळवता आली असती, पण त्यांनी वळवली नाही.

'पांढरा?' हा शब्द थोरल्यांच्या घशाशी आला आणि परत गेला.

"आज पडला," ते म्हणाले. "मघाशीच. इस्त्री फिरत होती. फाटकाशी तुझा आवाज आला." जरा थांबून म्हणाले, "हात राहिला तिथेच."

धाकटी त्यांच्याकडे पाहत राहिली. पप्पांचा हात इस्त्रीवर थांबत नाही, हे तिला या घरातल्या दुसऱ्या कुठल्याही धड्याआधी शिकवलेलं होतं. आजोबा गेले तेव्हाची कॉलर तिला पाठ होती.

"म्हणून दार उघडलं नाहीत?"

"म्हणून."

सूनबाईचा धीर सुटला. "अहो पण पप्पा, पणजीबाईंच्या बक्षिसावर..."

"बक्षीस नव्हतं ते," थोरले म्हणाले. "पणजीने करपवलेली चादर आहे ही. मेट्रनबाईंनी तिला काढून टाकायचं, ते नाही टाकलं. ही तूच ठेव म्हणाल्या, आणि उद्या वेळेवर ये." त्यांनी झग्याची पाठ वळवून मधला जोड दाखवला. "इथलं काढून टाकलंय. आपलं सगळं घराणं उरलेल्यातून शिवलेलं आहे."

सूनबाई मटकन खाली बसली. स्वकष्टाने कमावलेली एखादी गोष्ट फुकटात मिळालेली निघाली की माणसाला बसावंच लागतं. पण ती हुशार होती. जरा वेळाने तिनेच विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी गेल्या का पणजीबाई?"

"गेली ना," आत्या मागून म्हणाली. "नाहीतर तू कुठल्या घरात आली असतीस?"

मग सगळ्यांना एकदम उपाय सुचले. वर भरतकाम करू, असं मोठा म्हणाला, ज्याला बटण लावता येत नव्हतं. रेशमी पट्टा बांधू, असं सूनबाईने सुचवलं. थोरल्यांनी झगा रंगाऱ्यापुढे धरला. ते अवघड होतं, आणि अवघड आहे हे सगळ्यांना दिसलं.

"तुमचं काय मत?"

रंगाऱ्याने जवळ जाऊन होडी पाहिली, बोट न लावता. "झाकता येईल. पण पप्पा, मी झाकणाऱ्यांतला. मला विचारू नका."

थोरल्यांचा चेहरा तसाच राहिला, पण मिशी हलली. आपलं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं होतं तर. ते तिथे इतके दिवस कसं राहिलं असेल, याचा त्यांनी पहिल्यांदाच विचार केला. "ते मी चुकीचं बोललो होतो," ते म्हणाले. "आपल्या सगळ्यांवर कुणीतरी पांघरूण घातलेलंच आहे. नाहीतर उद्या कुंडाजवळ कोण फिरकेल?"

धाकटीने बाळ खांद्यावरून काढून थोरल्यांच्या हातात दिलं. हात रिकामे करायला त्यांना झगा रंगाऱ्याकडे द्यावा लागला. रंगाऱ्याने आधी आपले हात पँटला पुसले. बाहीवर आज पिवळा ठिपका होता. थोरल्यांना तो दिसला, आणि त्यांनी त्यावर काही न बोलण्याचं काम तडीस नेलं.

"असाच घालू," धाकटी म्हणाली. "माझा आवाज आहे त्याच्यावर."

"लोक विचारतील," सूनबाई म्हणाली.

"विचारू दे," मोठा म्हणाला.

"सांगणार कोण?"

"मी," थोरले म्हणाले. "माझी इस्त्री आहे."

रविवारी सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर दोन्ही घरची माणसं जमली. रंगाऱ्याकडचे लोक खरोखर जवळून पाहू लागले, पण ते बाळाकडे. रीतीप्रमाणे घरातल्या मोठ्या माणसाने मूल दारातून आत न्यायचं होतं. थोरल्यांनी नातीला छातीशी न धरता जरा पुढे धरलं, होडी सगळ्यांना दिसेल अशी. त्यांची मान ताठ होती. ती नेहमीच ताठ असे, पण आज तिच्यात खळ नव्हती. त्यांना अभिमान वाटत होता, आणि कशाचा ते त्यांना धड सांगता आलं नसतं, कारण अभिमान वाटावा असं त्यांच्या हातात जे होतं त्यातलं काहीच त्यांनी केलेलं नव्हतं. त्यांचा होता तो फक्त डाग.

दाराशी पायपुसणं होतं. थोरले तिथे इतका वेळ पाय पुसत, की पावसाळ्यात त्यांच्यामागे रांग लागे आणि ती भिजे. एकदा देवाच्या दारात आलं की पाय पुसणं आपलं काम, असं ते प्रत्येक नव्या माणसाला समजावत. आज ते पायपुसण्यावरून तसेच पुढे गेले.

पाळकांनी आधी झगा पाहिला, मग थोरल्यांकडे पाहिलं.

"हे काय?"

"करपलं."

"कुणाच्या हातून?"

"माझ्या."

पाळक मिस्कील होते, पण ते हसले नाहीत. "थोरले, आज पाय पुसायचे राहिले."

"राहू देत," थोरले म्हणाले. "आधी हिला घ्या."

पाणी कपाळावर पडलं तेव्हा मुलगी रडली नाही. आधी नाकातून, मग उचकी लागल्यासारखा असा काहीतरी आवाज तिने केला. आत्याने बाकावरून थोरल्यांकडे पाहिलं. थोरले दोन्ही हात रिकामे घेऊन उभे होते, आणि आज त्यांना ते कुठे ठेवावेत याची घाई नव्हती.

सोमवारी सकाळी आत्या बॉयलरपाशी आली तर थोरले आधीच तिथे होते.

"काय करतोस?"

"कालची काही वाफ उरलीय का पाहतोय."

"उरलीय?"

"नाही."

"मग सरक," आत्या म्हणाली. ते जरा सरकले, पण गेले नाहीत. तिने थंड पत्र्यावर हात ठेवले. शेजारी आणखी दोन हात येऊन टेकले, वर्षानुवर्षांच्या वाफेने तळवे गुळगुळीत झालेले. आत्या नेहमीचं बोलली. थोरले नुसतं "आमेन" म्हणाले, आणि त्यावर काही जोडलं नाही.

दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक नव्याने लग्न झालेला कारकून. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली, पण उघडली नाही. वास आधीच आला होता. कारकुनाला या दुकानाची ख्याती माहीत होती. त्याने डोळे मिटून घेतले, दोन प्रश्नांची वाट पाहत.

थोरल्यांनी शर्ट बाहेर काढला. खिशाखाली होडी होती, जरा तिरकी, कडा पुसट. नवशिक्याचं काम. त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"कुणी हाक मारली होती?" त्यांनी विचारलं.